समोरचा मोकळा प्लॉट

मध्यंतरी कोथरूडात एक फ्लॅट बघायला गेलो होतो. रीसेलचा, तिसरा मजला, बिल्डिंग पंचवीस वर्षं जुनी, लिफ्ट नाही, आणि किचन इतकं छोटं की दोघं एकदम उभे राहिलो तर फ्रीज उघडणार नाही. पण हॉलची खिडकी उघडली आणि बायको तिथेच थबकली. समोर चक्क मोकळी जागा! एक जुनं चिंचेचं झाड, कंपाउंडच्या भिंतीवर खडूने काढलेले तीन स्टंप, आणि सात-आठ पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळतायत. आमच्या चेहऱ्यावरचं एजंटने बरोबर वाचलं.

"सर, हा व्ह्यू कधीच जाणार नाही. डीपीत प्लेग्राउंडचं रिझर्वेशन आहे समोर."

या 'कधीच'चे मालकाने चार लाख जास्त लावले होते, हे नंतर कळलं.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कोणी 'कधीच' म्हटलं की माझ्या डोक्यात घंटा वाजते. आमच्याकडे 'हा एरर कधीच येणार नाही' म्हणणारा माणूस शुक्रवारी संध्याकाळी घरी जातो आणि बाकीचे शनिवारी ऑफिसला येतात. म्हणून झोन दाखला काढला. एजंट खरं बोलत होता. क्रीडांगण, १९८७ च्या आराखड्यापासून. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून त्या जागेवर मैदान होणार आहे. अजून व्हायचंय.

माझे एक काका नगररचना खात्यातून रचना सहायक म्हणून निवृत्त झाले. त्यांना फोन लावला.

"काका, रिझर्वेशन म्हणजे जागा महापालिकेचीच ना?"

काका हसले. "अरे, रिझर्वेशन म्हणजे रुमाल. एसटी आली की खिडकीतून टाकतात ना, तसा. सीट तुझी कधी होते? तू आत येऊन बसलास तर."

"आणि नाही बसलो तर?"

"मग कंडक्टर कोण आहे त्यावर!"

या एका वाक्यापायी माझे पुढचे चार वीकेंड गेले. रुमाल टाकायचा अधिकार कोणाचा, तो उचलायचा कोणाचा, आणि हा कंडक्टर नक्की कोण? उत्तर शोधत मागे मागे जात थेट १८९८ सालापर्यंत पोचलो. आता एवढा गेलोच आहे तर तुम्हालाही घेऊन जातो. :)

प्लेग म्हटलं की आपल्या पुणेकरांना रँड आणि चाफेकर आठवतात. पण त्याच साथीने आपल्या शहरांच्या नकाशाचीही दिशा बदलली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी ओळखला. मग माणसं मेली, हजारो लोक मुंबई सोडून पळाले, बंदर ओस पडायची वेळ आली. सरकारचं निदान असं, की दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्या हे रोगाचं मूळ, सबब वस्त्या पाडा आणि रुंद रस्ते काढा.

इथवर ठीक. पण हे काम द्यायचं कोणाला? मुंबईला महापालिका होती. १८७२ पासून तिच्यात निवडून आलेले सदस्य होते आणि फिरोजशहा मेहतांसारखी माणसं तिथे गाजत होती. सरकारने तिला बाजूला ठेवलं आणि १८९८ मध्ये वेगळा कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नावाची नवी संस्था काढली. तिच्या मंडळावर महापालिकेचे प्रतिनिधी होते, पण अल्पमतात. म्हणजे शहर महापालिकेचं आणि नकाशा ट्रस्टचा.

इंग्रजांना अगदीच खलनायक करण्यात अर्थ नाही. तेव्हा मत द्यायचा अधिकार करदात्यांनाच होता, आणि चाळींचे मालक असलेले नगरसेवक स्वतःच्याच चाळी पाडायला कशाला हात वर करतील, ही शंका काही हवेतली नव्हती. पण ट्रस्टने तरी काय केलं? प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राचं वारं शहरात घेतलं. त्या रस्त्यांच्या जागी जे राहत होते त्यांना पुरेशी घरं काही मिळाली नाहीत. ते शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहायला गेले. पाडलेली घरं आणि बांधलेली घरं यांचा हिशोब ट्रस्टला शेवटपर्यंत नीट जुळवता आला नाही. हां, दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जमिनीवर मात्र ट्रस्टने सुरेख काम केलं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही त्यांचीच देणगी. मोकळ्या जमिनीवर सगळेच सुरेख काम करतात म्हणा. नवीन प्रोजेक्टमध्ये कोड सगळ्यांचाच छान असतो.

पुढे १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पण तोवर एक सवय लागून गेली होती. काम महत्त्वाचं असेल, जमीन मोठी असेल, की स्थानिक संस्थेला वळसा घालून वेगळी संस्था काढायची. १९२० मध्ये लॉर्ड लॉइडने बॅकबेच्या भरावासाठी आणि कामगारांच्या चाळींसाठी वेगळं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलंच. बीडीडी चाळीतली 'बीडीडी' ही अक्षरं तिथली. पुढचा सिडको, एमआयडीसी, एमएमआरडीए हा गोतावळा आठवून बघा. या सगळ्यांचा पणजोबा १८९८ चा ट्रस्ट.

मधल्या काळात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली, आणि मला तीच सगळ्यात आवडली. १९१५ साली मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला. अख्ख्या हिंदुस्थानातला या प्रकारचा पहिला. ब्रिटनमध्ये १९०९ मध्ये झालेल्या कायद्यावर बेतलेला, पण इथल्या शेतांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांना लागू पडेल असा. या कायद्यात योजना करायची ती स्थानिक संस्थेने, म्हणजे नगरपालिकेने.

डिस्क डीफ्रॅगमेंट करायचो ते आठवतंय? स्क्रीनवर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकत बसायचे आणि आपण चहा पीत बघत बसायचो. ही योजना साधारण तशीच. गावाबाहेरच्या पन्नास शेतकऱ्यांच्या जमिनी घ्या. कोणाचं शेत तिरकं, कोणाचं चिंचोळं, कोणाला रस्ताच नाही. सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेल्याचे चांगले चौकोनी प्लॉट पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. जमीन थोडी कमी होते, पण तिला रस्ता मिळतो, आकार मिळतो, भाव मिळतो. भाव जितका वाढला त्याचा जास्तीत जास्त निम्मा हिस्सा मालकाने योजनेच्या खर्चाला द्यायचा. तंटा झाला तर लवाद. म्हणजे नगरपालिकेला तिजोरी रिकामी न करता रस्ते आणि मैदानं मिळतात आणि कोणी एक मालक पूर्ण बुडत नाही.

पुण्यात याची खूण सहज सापडते. प्रभात रोड, एरंडवणे, शिवाजीनगर भागात कोणी ओळखीचं राहत असेल तर सोसायटीचे कागद बघा. 'फायनल प्लॉट नंबर अमुक' असं लिहिलेलं असतं. पेठेतल्या वाड्यांना सिटी सर्व्हे नंबर, आणि इथे फायनल प्लॉट. फायनल का? तर आधी एक मूळ प्लॉट होता, वेडावाकडा, आणि योजनेनंतर हा अंतिम झाला. प्रभात रोडच्या शांत गल्ल्यांमधून चालताना आपण जे 'वाह, काय प्लॅनिंग आहे!' म्हणतो ना, ते हे.

(विषयांतर: याच सुमाराला, १९१४ मध्ये, पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात आला आणि गावोगाव फिरून सांगू लागला की बाबांनो, वस्त्या सरसकट पाडू नका, आधी नीट बघा, जिथे दुखतंय तिथेच हात घाला. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आपले गो. स. घुर्ये हे त्याने हेरलेले विद्यार्थी. असो.)

मग गाडी घसरली कुठे?

१९५४ मध्ये मुंबई राज्याने नवा कायदा केला आणि नगरपालिकांना संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणं बंधनकारक झालं. हाच तो डीपी. कल्पना उत्तम. एकेक तुकडा करण्यापेक्षा सगळ्या शहराचा विचार एकदम करा: इथे राहायचं, इथे कारखाने, इथे शाळा, इथे बाग. पुढे गाडगीळ समितीने शहरांच्या हद्दीपलीकडे, प्रदेशाचा म्हणून विचार करायला सांगितलं आणि १९६६ चा 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम' आला. आजही आपण याच कायद्याखाली राहतो, मग आपल्याला माहीत असो वा नसो.

या कायद्यात आराखडा कसा होतो ते सांगतो, कारण काकांचा कंडक्टर इथेच लपलाय. महापालिका इरादा जाहीर करते. प्रारूप आराखडा छापते. लोक हरकती देतात. एक नियोजन समिती सुनावणी घेते. महापालिकेची सभा त्यावर चर्चा करते. मग सगळं बाड राज्य सरकारकडे जातं आणि सरकार ते मंजूर करतं, हवे ते बदल करून. पुढे महापालिकेला आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी कलम ३७ खाली सरकारची सही लागते. आणि कलम १५४ खाली सरकार नियोजन प्राधिकरणाला निर्देश देऊ शकतं, जे त्याने पाळायचे असतात.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड महापालिकेने लिहायचा, टेस्टिंग जनतेने करायचं, पण प्रॉडक्शनचा पासवर्ड मंत्रालयात. आणि एखाद्या रात्री प्रॉडक्शनवर काहीतरी बदललं तर ज्याने कोड लिहिला त्याला ते सकाळी कळतं.

मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते बघा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश जागा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, शहराच्या ऐन मध्यावर. २००१ मध्ये राज्य सरकारने नियमात बदल केला. वाटणी करायची ती सगळ्या जमिनीची नाही, फक्त 'मोकळ्या' जमिनीची. गिरणीच्या शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर. आता गिरणीत मोकळी जमीन असणार किती? सगळीकडे शेडच! एका विशेषणाचा पॅच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये बदलाचा मालकांच्या बाजूने लावलेला अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो मान्य केला. लोअर परळला मॉलमध्ये कॉफी पिताना मला कधी हे माहीत नव्हतं.

पुण्याचं उदाहरण तर प्रभात रोडवरचंच. तिथल्या फायनल प्लॉट ११० वर १९८७ च्या आराखड्यात प्राथमिक शाळेचं आरक्षण होतं. १९९० च्या दशकात राज्य सरकारच्या पातळीवर ते उठवलं गेलं आणि तिथे दहा मजली इमारत उभी राहिली. विकसक तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई. उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आरक्षण उठवणं बेकायदा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये तो निर्णय उचलून धरला आणि इमारत पाडण्याऐवजी ती शाळेसाठी महापालिकेला देण्याचा पर्याय ठेवला. आरक्षण उठवायला किती दिवस लागले असतील कोण जाणे, पण ते चुकीचं होतं हे ठरायला ज्या मुलांनी त्या शाळेत पहिलीत जायचं होतं ती इंजिनिअर होऊन नोकरीला लागली.

म्हणजे महापालिका बिचारी आणि सरकार दुष्ट? मीही दोन वीकेंड हेच समजत होतो. काकांना तसं म्हटलं तर त्यांनी मला झाडलं.

"तू सभेत बसलायस कधी? मी बसलोय. एकेका आरक्षणावर किती उपसूचना यायच्या माहितेय? नकाशावरचा हिरवा रंग सभेत गेला की पिवळा होऊन बाहेर यायचा."

काकांच्या भाषेत हिरवा म्हणजे बाग, पिवळा म्हणजे निवासी.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा हे याचंच उदाहरण. २००७ मध्ये इरादा जाहीर झाला. २०१३ मध्ये प्रारूप छापलं, आणि लोकांनी ऐंशी हजारांहून जास्त हरकती घेतल्या. सुनावणी झाली, पण समितीतच एकमत होईना. सभेत चर्चा लांबत गेली, मुदत संपत आली, आणि २०१५ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. तो मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. त्याच २०१५ साली एप्रिलमध्ये मुंबईचं प्रारूपही चुकांच्या ओरड्यामुळे सरकारने परत पाठवलं.

गंमत म्हणजे हे सगळं होईपर्यंत ७४ वी घटनादुरुस्ती लागू होऊन दोन दशकं उलटून गेली होती. १ जून १९९३ पासून घटनेला बारावं परिशिष्ट जोडलं गेलं. शहरांच्या संस्थांकडे द्यायच्या अठरा विषयांची यादी. त्यातला पहिला विषय कोणता? नगर नियोजन. दुसरा? जमिनीच्या वापराचं नियमन. अगदी वरचे दोन! पण २४३-डब्ल्यू कलमाची भाषा अशी की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकेल'. देईलच असं नाही. आमच्याकडे क्लायंटच्या डॉक्युमेंटमध्ये असा शब्द दिसला की आम्ही त्याच दिवशी फोन करून विचारतो, 'साहेब, नक्की काय म्हणायचंय?' तसा फोन कोणी केलेला दिसत नाही.

आणि आपल्या आयटीवाल्यांची हिंजवडी? ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आपण 'महापालिका काय करते?' म्हणून शिव्या घालतो. आयटी पार्क उभं राहिलं ते ग्रामपंचायतीच्या हद्दीत, आणि पार्कचं नियोजन एमआयडीसीकडे. लागून असलेलं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, आणि २०१५ पासून भोवतालच्या गावांसाठी पीएमआरडीए. पणजोबांचा वंश चांगलाच विस्तारला.

बरं, आता आमच्या प्लॉटकडे येऊ. बायको विचारतेय, "इतिहास झाला असेल तर सांग, घ्यायचा की नाही?"

काकांच्या रुमालाला मुदत असते, आणि ती कलम १२७ मध्ये. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठराविक काळात संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. हा काळ मूळ कायद्यात सहा महिने होता, आता चोवीस महिने आहे. नुसता ठराव करून प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल पडलं असं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरणार ट्रेडर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

आणि पावलं टाकायला पैसे लागतात. २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात शहरी जागेचा मोबदला साधारण बाजारभावाच्या दुप्पट होतो. कोथरूडात! म्हणून महापालिका रोख रकमेऐवजी टीडीआर घ्या म्हणते, म्हणजे इथली जागा आम्हाला द्या आणि त्या बदल्यात दुसरीकडे जास्त बांधा. मालकाला पटलं तर घेतो. आमच्या समोरच्या मालकाला अडतीस-चाळीस वर्षांत पटलेलं दिसत नाही, आणि मला त्याचाही राग येत नाही. इतकी वर्षं स्वतःच्या जागेवर दुसऱ्याचा रुमाल बघत बसायचं ही काही मजेची गोष्ट नाही. १९१५ च्या पद्धतीत हाच भार पन्नास जणांत वाटला गेला असता. गुजरातने ती पद्धत १९७६ च्या आपल्या कायद्यात पुढे चालवली, अहमदाबाद अजून त्याच वाटेने वाढतंय. पहिला कायदा एकाच इलाख्यात झाला, वारसा दोघांना मिळाला, आणि आपण आपला हिस्सा बराचसा माळ्यावर टाकला. याचं मला खरंच वाईट वाटतं.

"काका, पण १९८७ पासून दहा वर्षं केव्हाच होऊन गेली की! मालकाने नोटीस कशी नाही दिली?"

"दिली नाही, चुकला. आता २०१७ च्या आराखड्यात आरक्षण तसंच ठेवलंय ना? मग दहा वर्षं नव्याने मोजायची. घड्याळ परत शून्यावर."

२०१७ अधिक दहा, २०२७. अधिक चोवीस महिने, २०२९. मधे महापालिकेकडे पैसे आले किंवा मालकाला टीडीआर पटला तर मैदान. नाही तर टॉवर. आमची मुलगी आता दोन वर्षांची आहे.

एजंटचा काल परत फोन आला होता. त्याला म्हटलं, ते वरचे चार लाख काढा, मग बोलू. तो म्हणाला, "सर, व्ह्यू..." मी म्हटलं, व्ह्यूचाच हिशोब केलाय. मालकाशी बोलून शनिवारपर्यंत कळवतो म्हणालाय.